करवीरचे मोडी कागद आणि संगणकावरील अक्षरांची मालकी

१/ करवीर संस्थानचे मोडी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात जतन केलेले आहेत. ते लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू, शाई आणि मोडीचे वळण एवढे पुरेसे होते. संगणकावर मात्र अक्षर उमटण्याआधी ते कार्यप्रणालीला ओळखता यावे लागते. ही ओळख कोणाच्या हाती असावी, याचा हा इतिहास.

२/ १९९० च्या दशकात डीटीपीच्या दुकानांत मराठी मजकूर जुळवला जाऊ लागला. प्रत्येक फाँट-कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने देवनागरी आकार बसवले होते. त्यामुळे एका फाँटमधील लेख दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर लेखकाचा, पण त्याची किल्ली फाँट विकणाऱ्याकडे!

३/ यावरचा उपाय म्हणजे युनिकोड. १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. तरीही अडचण उरली. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी टंकली जाते, दिसताना मात्र वेलांटी आधी येते. ही फेररचना आणि जोडाक्षरांची जुळणी कार्यप्रणालीनेच करायची असते.

४/ मायक्रोसॉफ्टने हे काम विंडोज २००० मध्ये ‘युनिस्क्राइब’ या घटकाकडे सोपवले आणि सोबत ‘मंगल’ हा देवनागरी फाँट दिला. सोय तयार मिळाली, पण आतील आज्ञावली बंद होती. चूक आढळल्यास कंपनी ती सुधारेपर्यंत थांबणे एवढेच वापरणाऱ्याच्या हाती होते.

५/ दुसरा प्रवाह वेगळा होता. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हीच अक्षरजुळणी ‘पँगो’ करू लागला. त्याची आज्ञावली कोणालाही वाचता आणि दुरुस्त करता येत असे.

६/ विशेष म्हणजे दोन्ही प्रवाहांत एकाच मराठी माणसाचा हात होता. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजचा ‘मंगल’ आखला. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने जीपीएल परवान्याखाली मुक्त केलेला ‘रघू’ हा फाँटही त्यांचाच.

७/ दोन्ही फाँटांमागे नजर एकच, फरक परवान्यात. ‘मंगल’ वापरता येतो, पण बदलून वाटता येत नाही. ‘रघू’ उघडावा, सुधारावा, वाटावा. अट एकच, पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य द्यावे.

८/ मग दुकानांत लिनक्स का रुजले नाही? कारण व्यवसाय कार्यप्रणालीपेक्षा तिच्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. पेजमेकर लिनक्ससाठी कधीच निघाला नाही. जुन्या फाँटांत साठवलेले काम टाकून देणेही परवडणारे नव्हते.

९/ आता पुन्हा मोडीकडे. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावांनंतर २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडीचा समावेश झाला. अशा लिपीला बाजारपेठ जवळजवळ नाही. ‘नोटो सॅन्स मोडी’ हा फाँट आज मुक्त परवान्याखाली मिळतो. मात्र श्रेय एकाच बाजूचे नाही. विंडोज १० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने अनेक लिप्यांना लागू पडणारे अक्षरजुळणीचे नियम जाहीर केले आणि ‘हार्फबझ’ या मुक्त प्रकल्पाने ते आपल्याकडे अमलात आणले.

१०/ मालकीच्या प्रणालीने मराठीला तयार घर दिले, तर मुक्त प्रणालीने घर बांधण्याची आणि दुरुस्त करण्याची मुभा दिली. बहुसंख्यांच्या लिपीला पहिले पुरते. मोडीसारख्या लिपीला मात्र दुसऱ्याचाच आधार, कारण तिच्यासाठी राबणारे थोडे असतात आणि त्यांना कोणाच्या नफ्याची वाट पाहणे शक्य नसते. करवीरच्या दप्तरांतील मजकूर उद्या पडद्यावर उतरवताना तो कोणत्या स्वरूपात साठवायचा, हा प्रश्न म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाचाही आहे.