वीस भाड्यांचा महिना

माझं माहेर केळवलीचं. कॉलेजला खोपोलीच्या गाडीनं जायचे. ती लाईन आमच्यासाठी टाकलेलीच नव्हती. जीआयपी कंपनीनं १२ मे १८५६ रोजी गाडी खोपोलीपर्यंत आणली ती बोरघाटाचा पायथा गाठायला. तिथून माणसं पालखीत बसून, तट्टावरून खंडाळ्याला चढायची आणि १८५८ पासून वर पुण्याची गाडी पकडायची. १८६३ मध्ये घाटातून रूळ गेले आणि खोपोलीचा फाटा मागे उरला. त्या उरलेल्या फाट्यावर केळवली, डोळवली, लौजीची पोरं शिकली. विद्यार्थ्यांचा पास निम्म्या दरात. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात तर रेल्वेमंत्री लालूप्रसादांनी मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत तो फुकटच केला.

शाळेत नोकरी लागली ती कशेळ्याच्या बाजूला. तिथे रूळ नाहीत, एसटी. एसटीचा विद्यार्थी पास म्हणजे एका वेळची वीस भाडी भरायची आणि महिनाभर फिरायचं; ६६.६७ टक्के सवलत. वाडीवरच्या एका बापाला मी हे टक्के समजावत बसले होते. तो म्हणाला, "म्हंजे दहा दिस आमचं, वीस दिस सरकारचं." माझ्यापेक्षा चांगलं समजावलं त्यानं.

१९९६ मध्ये अहिल्याबाई होळकर योजना आली. पाचवी ते दहावीच्या, पुढे बारावीपर्यंतच्या, खेड्यातल्या मुलींना पास मोफत. पासासाठीच्या बोनाफाईड दाखल्यांवर शिक्के मारून माझी बोटं जांभळी व्हायची. एकाच घरातल्या बहिणीचा पास फुकट, भावाचा पैशांचा. त्यावरून वर्गात भांडणं लागत आणि मुली, खरं सांगते, जरा मिरवायच्या. मिरवू दे की!

पण पास चालतो एसटीच्या रस्त्यावरच्या फाट्यापासून. वाडी ते फाटा पायीच, आणि गाडी हुकली की मिनीडोर, म्हणजे सहा सीटांचा खासगी टेम्पो. मिनीडोरवाला शिक्का बघत नाही, सुटे पैसे बघतो. सहाच्या जागी दहाजण कोंबतो, पण नेतो, हेही खरं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. कोरोनानंतर शाळा नुकत्याच उघडलेल्या. मोफत पासाच्या मुली रोज मिनीडोरला रोख मोजू लागल्या. काही येईनाशा झाल्या. आठवीतल्या एकीनं बोनाफाईडचा कोरा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, मिनीडोरचा पास कुठं काढतात?"