बलूचे गाव कोणते?

हातखंब्याच्या तिठ्यावर एसटीची वाट पाहताना कोणी 'गाव कुठले?' असे विचारले, तर बिऱ्हाड मुंबईत असले तरी कोकणी माणूस मुंबई सांगत नाही. वाडवडिलांचे गाव सांगतो. रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'मधील (१८९४) बलू या अस्वलाला हाच प्रश्न विचारून पाहावा, असे आम्हांला वाटते.

कथेपुरते उत्तर सोपे आहे : सिवनीच्या टेकड्या. हा मुलूख नागपूरच्या उत्तरेस, आजच्या मध्य प्रदेशात येतो. तेथील पेंचचे जंगल महाराष्ट्रातही पसरलेले आहे. परंतु किपलिंगने हे जंगल पाहिले नव्हते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. मोगलीच्या कथा त्याने लिहिल्या त्या अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत. जंगलाचा तपशील त्याने मुख्यतः रॉबर्ट स्टर्नडेल याच्या सातपुड्यातील मुक्कामांवरील 'सिवनी' (१८७७) या पुस्तकातून घेतला, असे अभ्यासक मानतात.

ही उसनवारी बलूच्या अंगावर दिसते. किपलिंग त्याला तपकिरी म्हणतो. आपल्याकडचे अस्वल काळे, झिपरे. बलू कंदमुळे आणि मध खातो; वारूळ उकरून वाळवी खाण्याचा खऱ्या अस्वलाचा नित्यक्रम त्याला नाही. नाव मात्र इथलेच, हिंदुस्थानीतील 'भालू'वरून घेतलेले. किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. बालपणी त्याच्या जिभेवर इंग्रजीपेक्षा आया-नोकरांची भाषा अधिक रुळलेली होती. पुढे लाहोर-अलाहाबादच्या पत्रकारीत (१८८२-८९) हिंदुस्थानीचा सहवास पुन्हा लाभला.

'लेखकाने हे स्वतः पाहिले आहे का?' ही कसोटी आम्ही वर्गात फार सहज लावतो. तिच्यावर बलू नापास होतो. तरीही तो खोटा वाटत नाही, कारण तो मुळात शिक्षक आहे : लांडग्यांच्या पिलांना जंगलाचा कायदा शिकवणारा, मोगलीला चापट मारणारा आणि त्याच्यासाठी कासावीस होणारा. १९६७ च्या डिस्ने-चित्रपटाने त्याला गाणारा, आळशी सवंगडी केले. आमचे विद्यार्थी ओळखतात तो हाच; पुस्तकातला गुरू त्यांना भेटतच नाही.

म्हणून बलूचे गाव आम्ही सिवनीच लावू. पण नकाशा अचूक आहे म्हणून नव्हे. न पाहिलेल्या त्या रानात किपलिंगने एका अस्वलाला गुरूचे आसन दिले, म्हणून. विद्यार्थ्यांच्या हाती आधी मूळ पुस्तक द्यावे. गावाची चौकशी नंतर करता येईल.