सिंधूचा बळी एकट्या प्याल्याने घेतला नाही

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये बडोद्याला प्रथम रंगभूमीवर आणले. त्याआधी महिनाभरच गडकरींचे निधन झाले होते. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते. तेव्हापासून या शोकांतिकेचे खापर दारूवर फुटत आले आहे. नाटकाच्या नावानेच तसा निकाल देऊन टाकला आहे. आम्हाला तो मान्य नाही.

आरोपी एकेक करून पाहू. तळीरामाने सुधाकरला पहिला प्याला दिला, हे खरे. भर कोर्टातल्या अपमानाने सुधाकर खचला, हेही खरे. पण अपमान सोसणारा प्रत्येक माणूस घरी येऊन काठी उचलत नाही. ज्या काठीने लेकरू मेले आणि सिंधू मरणाला टेकली, ती सुधाकरच्या हातात होती. पहिला गुन्हेगार तोच.

पण त्याच्यामागे आणखी एक गुन्हेगार उभा आहे. सिंधूला माहेर आहे, मदत करू पाहणारा भाऊ आहे. तरी ती जात्यावर दळण दळत नवऱ्याच्या घरीच राहते. शेवटी पोलिसांसमोर ती आपण पडलो असे सांगून नवऱ्याला वाचवते. आणि प्रेक्षक डोळे पुसत तिला महापतिव्रता म्हणतात! दुर्गुणी नवऱ्यालाही देव मानून पूजावे, ही मनुस्मृतीची शिकवण. सिंधूच्या तोंडून तीच बोलते. म्हणून आम्ही सिंधूला दोष देत नाही. तिच्या खोट्या जबानीला पुण्य ठरवणाऱ्या धर्मशास्त्राला देतो.

नाटक आले त्यानंतर नवव्या वर्षी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, भोरहून वरंधा घाट उतरला की लागणाऱ्या महाडात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ती मनुस्मृती जाळली गेली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. तेव्हा हा वाद जातीच्या द्वेषाचा आहे, असे कोणी म्हणू नये.

आम्ही दारूची वकिली करत नाही. पंचशीलात आणि बाबासाहेबांनी १९५६ साली दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू वर्ज्यच आहे. पण एक दुटप्पीपणा पाहा. वकिलाच्या पांढरपेशा घरात दारूने खून झाला की दोष प्याल्याचा; आमच्या वस्तीत तेच घडले की दोष जातीचा! आणि दोन्हीकडे मारणारा हात मोकळाच.

भोर-वेल्ह्यात काम करताना आम्ही सिंधूचे ते वाक्य आजही ऐकतो. डोके फुटलेली बाई सांगते, 'पाय घसरला, पडले.' शेजारी नवरा उभा असतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. पण बाई 'पडले' म्हणाली की कायद्याचे दार तिथेच बंद होते.

म्हणून गावोगावच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. नुसती बाटली फोडून थांबू नका. जखमी बाईशी बोलताना नवऱ्याला आणि सासरच्यांना आधी बाहेर पाठवा. तिला राहायला जागा आणि हाताला काम मिळेल, हे आधी पाहा. आणि नवऱ्यासाठी खोटे बोलणाऱ्या बाईला सती-सावित्री म्हणणे आजपासून बंद करा. तिला खरे बोलता येईल, एवढे बळ द्या.

जयभीम!