तांब्याचा पत्रा आणि वेरूळचीं चित्रें

ज्यांत देव नाहीं, संत नाहीं, राजाही नाहीं, असें नुसत्या निसर्गाचें चित्र काढावें ही कल्पना युरोपांतही फार प्राचीन नाहीं. जर्मनींतील आल्टडॉर्फर यानें सुमारें १५२० सालीं अशीं दृश्यें धातूच्या पत्र्यावर आम्लानें कोरलीं. रीत सोपी आहे. पत्र्यास मेणाचा लेप द्यावयाचा, सुईनें तो खरवडून रेषा काढावयाच्या आणि पत्रा आम्लांत ठेवावयाचा. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खातें. त्या खांचांत शाई भरून वर कागद दाबला कीं चित्र उमटतें. एका पत्र्यावरून अनेक प्रती निघतात.

सतराव्या शतकांत हॉलंडचे व्यापारी संपन्न झाले. त्यांना राजवाड्याच्या भिंतीजोगें नव्हे, तर आपल्या घरांत मावेल असें चित्र हवें होतें. रेम्ब्रांटचें ‘तीन वृक्ष’ हें १६४३ चें चित्र याच काळांतील. दरबाराच्या जोडीस आतां गिऱ्हाईकही कलेचा आश्रयदाता झाला.

हा ओघ आपल्या पुण्यापर्यंत आला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशवे दरबारांतील इंग्रज वकील चार्लस मॅलेट याच्या पदरीं गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार होता. त्यानें वेरूळचीं लेणीं रेखाटलीं. स्कॉच चित्रकार जेम्स वेल्स हाही त्याच कामांत होता. तो १७९५ सालीं वारला. पुढें १८०३ सालीं लंडनमध्यें टॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं वेरूळचीं २४ दृश्यें ॲक्वाटिंट या आम्लाच्याच एका रीतीनें प्रसिद्ध झालीं. ग्रंथाच्या शीर्षकांत वेल्स व डॅनियल यांचीं नांवें आहेत. तांबटांचीं रेखाटनें आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत.

मग आपल्याकडे कसब नव्हतें काय? तसेंही नाहीं. १८०५ सालीं मिरजेस गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानें तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्गीता छापली गेली. तांबें होतें, हात होते, आश्रयदाताही होता. माझ्या मतें उणीव होती ती, दृश्याचा ठसा विकत घेऊन घरीं लावणाऱ्या मध्यम वर्गाची. लंडनमध्यें तो वर्ग तयार होता. म्हणून वेरूळ येथें रेखाटलें गेलें आणि तेथें छापलें गेलें.

आमच्या पिंपरींत आज धातूवर काम करणारे हजारों हात आहेत. त्यांपैकीं एखाद्यानें आपल्या पवनेचें दृश्य पत्र्यावर उतरविलें, तर त्याचा ठसा विकत घेणारे आपण आहोंत काय, एवढें विचारून मी आपली रजा घेतों.