बंद पडलेला फ्रीझर, नसलेली वही आणि भलत्याच पेशी: प्रयोगशाळा सांभाळायची म्हणजे काय?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहरात रेन्सलेअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूट आहे. सप्टेंबर २०२० मध्ये तिथल्या एका प्रयोगशाळेतला फ्रीझर सारखा बीप करायला लागला. आत प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाचे नमुने होते, उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवलेले. कोविडमुळे दुरुस्ती लांबली होती. म्हणून संशोधकांनी दारावर चिठ्ठी लावली: फ्रीझर दुरुस्तीला आहे, बंद करू नका, आवाजाचा त्रास होत असेल तर अमुक बटण दाबा. तरीही एका सफाई कर्मचाऱ्याने सर्किट ब्रेकर पाडला. दुसऱ्या दिवशी तापमान उणे ३२ वर पोहोचलेलं होतं. २० वर्षांहून अधिक काळाचं संशोधन वाया गेलं, असं म्हणत संस्थेने २०२३ मध्ये सफाई कंत्राटदार कंपनीवर १० लाख डॉलरहून मोठा दावा लावला.

ही बातमी सोशल मीडियावर भरपूर फिरली. बहुतेकांनी हसून सोडून दिलं. पण वीस वर्षांचं काम एका बटणावर अवलंबून असेल, तर प्रश्न फक्त बटण दाबणाऱ्या माणसाचा राहत नाही. अशा नमुन्यांचा दुसरा संच वेगळ्या इमारतीत आणि वेगळ्या वीजजोडणीवर ठेवावा, तापमान वाढलं की जबाबदार व्यक्तीच्या मोबाइलवर सूचना जावी, ही सगळी प्रयोगशाळा व्यवस्थापनाची कामं. शोधनिबंधात त्यांचा उल्लेखही नसतो.

वहीच नाही, तर पुरावा कुठला?

नमुने गेले तर निदान नोंदी तरी उरतात. त्याही नसल्या तर काय होतं, हे पदार्थविज्ञानातल्या एका मोठ्या प्रकरणात दिसलं. अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये यान हेंड्रिक श्यॉन हा तरुण संशोधक सेंद्रिय पदार्थांपासून ट्रान्झिस्टर बनवल्याचे निबंध धडाधड प्रसिद्ध करत होता. इतर प्रयोगशाळांना ते निष्कर्ष काही केल्या मिळेनात. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांमध्ये बारीक चढउतारसुद्धा हुबेहूब सारखे आहेत.

चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या. व्यवस्थित नोंदवही नव्हती. मूळ डेटा संगणकात जागा नव्हती म्हणून पुसल्याचं उत्तर मिळालं. तपासायला चालू अवस्थेतला नमुनाही शिल्लक नव्हता. सप्टेंबर २००२ मध्ये समितीने २४ पैकी १६ आरोपांत गैरप्रकार झाल्याचा निष्कर्ष दिला, आणि ‘सायन्स’ व ‘नेचर’ या नियतकालिकांतले त्याचे अनेक निबंध मागे घेतले गेले. सहलेखकांना समितीने गैरप्रकारातून मुक्त केलं. पण इतकी नावं निबंधावर असताना मूळ डेटा कोणीच का पाहिला नाही, हा प्रश्न त्यांना सुटत नाही.

बाटलीवर नाव एक, आत पेशी दुसऱ्याच

जीवशास्त्रातली गोष्ट याहून अवघड आहे, कारण तिथे लबाडीची गरजच पडत नाही. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिची परवानगी न घेता, पेशी काढल्या गेल्या. ‘हेला’ नावाच्या या पेशी प्रयोगशाळेत वाढतच राहतात, आणि इतक्या जोमाने की चुकून दुसऱ्या पेशींच्या बाटलीत शिरल्या तर मूळच्या पेशींना मागे टाकून तीच बाटली बळकावतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या नावांनी वापरल्या जाणाऱ्या १८ पेशीवंशांत प्रत्यक्षात हेलाच असाव्यात. म्हणजे एका अवयवाच्या पेशी समजून केलेलं काम भलत्याच कर्करोगावरचं ठरत होतं. सभागृहात त्यांचं स्वागत अर्थातच थंड झालं.

हा प्रश्न अजून मिटलेला नाही. चुकीची ओळख लागलेल्या पेशीवंशांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज पाचशेहून अधिक नावं आहेत. उपाय मात्र सोपा आहे: डीएनएतल्या ठरावीक पुनरावृत्ती मोजून पेशींची ओळख पटवायची. गुन्हे तपासात किंवा पितृत्व चाचणीत वापरतात तेच तंत्र. नव्या पेशी आल्या की, आणि प्रयोग लांबला तर मधेमधेही, ही चाचणी करणं अपेक्षित असतं.

मग रोजचं काम कसं चालतं?

प्रत्येक कुपीला बारकोड. कुपी कोणत्या फ्रीझरमध्ये, कोणत्या रॅकवर, कोणत्या डब्यात कितव्या खान्यात आहे याची संगणकात नोंद. हाताने लिहिलेलं ‘नमुना ३, नवीन’ असलं लेबल लिहिणाऱ्यालाही सहा महिन्यांनी कळत नाही, आणि पीएचडी संपवून तो निघून गेला की तो डबा फेकवतही नाही आणि वापरवतही नाही. बऱ्याच प्रयोगशाळांत कागदी वहीची जागा आता इलेक्ट्रॉनिक नोंदवहीने घेतली आहे. तिच्यात नोंद कधी केली, नंतर कोणी बदलली हे आपोआप उमटतं. यंत्रातून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी जपायची आणि आकडेमोड तिच्या प्रतीवर करायची, हा नियम पदार्थविज्ञान आणि जीवशास्त्र दोन्हीकडे सारखाच.

सॉफ्टवेअर विकत घेतलं की काम झालं, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. नोंद करायला त्या दिवशीची पंधरा मिनिटं द्यावीच लागतात, आणि निबंधाची घाई असली की पहिली काट त्याच पंधरा मिनिटांवर बसते.

आपल्याकडे पेशींच्या बाबतीत या साखळीचं एक टोक पुण्यात आहे. गणेशखिंडच्या विद्यापीठ परिसरातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, पेशीवंशांचं भांडार सांभाळतं आणि देशभरातल्या संशोधकांना ते पुरवतं. शेजारच्या प्रयोगशाळेतून मैत्रीखातर आणलेल्या बाटलीपेक्षा अशा भांडारातून मागवलेली कुपी महाग पडते, पण तिच्यासोबत तिची कुंडलीही येते.