एका धाग्याची नक्षी

राजारामपुरीच्या बाजारात मिळणारा साधा टी-शर्ट उलटा करून पाहा. अनेकदा त्याच्या कुशीला शिवण सापडत नाही. ते कापड नळीसारखे गोल विणलेले असते. मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे. हे मात्र एकमेकांत अडकलेल्या टाक्यांचे. मराठीत दोन्हींना आपण ‘विणणे’च म्हणतो!

१५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रज पाद्र्याने मोजे विणण्याचे यंत्र केले. हाताने विणणाऱ्या गरिबांची भाकरी जाईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला परवाना नाकारला, असे सांगतात. यंत्र काही थांबले नाही. १८१६ मध्ये मार्क ब्रुनेलने सुया वर्तुळात बसवल्या.

नक्षीची युक्ती मागावरूनच आली. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी साठवली. गोल यंत्रातही तेच तत्त्व: कोणती सुई उठेल आणि कोणत्या रंगाचा धागा घेईल, एवढेच ठरवायचे. आज ते संगणक ठरवतो.

आपल्या इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या पाठबळाने. त्यावर गाव उभे राहिले. पण हातमाग मागे पडला. राणीची शंका अगदीच खोटी नव्हती.

माझी आई सुयांवर स्वेटर विणायची. एक टाका निसटला, तर अख्खी ओळ उसवायची. यंत्रातही एक सुई मोडली की कापडभर रेघ उमटते. ती पाहायला माणसाचाच डोळा लागत आला आहे. त्या डोळ्याची मजुरी मात्र टी-शर्टच्या किमतीत कुठे दिसत नाही.