तूसाँची सुट्टी आणि अधिक महिना

जबलपूरच्या मराठी घरांत सुट्टीचा हिशेब पूर्वी फार सोपा होता. एप्रिलअखेर निकाल लागायचा, मेमध्ये ‘गर्मीच्या छुट्ट्या’ सुरू व्हायच्या आणि इटारसीमार्गे नागपूर नाहीतर भुसावळ गाठायचं. आता लेक-जावई तुलूजला विमानाच्या कारखान्यात नोकरीला असतात, नातवंडं तिथल्या सरकारी शाळेत जातात. त्यामुळे नेपियर टाऊनमधल्या स्वयंपाकघरात कालनिर्णयच्या शेजारी आणखी एक कागद टाचलेला दिसतो. तो असतो फ्रान्सचा तीन रंगांतला नकाशा, खाली तारखांचं कोष्टक. आजी एक बोट कालनिर्णयवर आणि दुसरं त्या कोष्टकावर ठेवून विचारते, “मग यंदा दिवाळीला जमतंय का गं?” या प्रश्नाचं उत्तर तुलूजमध्ये कुणाच्याच हातात नसतं. ते शोधायला दोन्ही सुट्ट्यांचं कूळ काढावं लागतं.

आपल्या बाजूची गोष्ट थोडक्यात संपते. महाकोशलात मेमध्ये लू चालते आणि पारा चाळिशीच्या वर मुक्काम ठोकतो. इंग्रजी अमलात मध्य प्रांताचं सरकार नागपूरहून उठून पचमढीला जायचं. साहेबाला डोंगर मिळाला, पोरांना सुट्टी. १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते, राजधानीही नागपूरच होती. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मामाचं गाव दुसऱ्या शिक्षण खात्याच्या ताब्यात पडलं. आजही मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळा साधारण जूनच्या मध्याला उघडतात. महाराष्ट्रातल्याही तेव्हाच उघडतात, पण विदर्भातल्या उन्हामुळे जूनच्या शेवटाकडे. म्हणजे जबलपूरचा भाचा वर्गात बसलेला असतो तेव्हा नागपूरचा मामेभाऊ अजून कूलरसमोर लोळत असतो. हवेप्रमाणे सुट्टीचे विभाग पाडायची युक्ती आपल्यालाही ठाऊक आहे, आपण फक्त तिचा रंगीत नकाशा छापत नाही.

फ्रान्सच्या सुट्टीला दोन मुळं आहेत, एक शेतात आणि एक चर्चमध्ये. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, तिला पोरांचे हात लागत. म्हणून १९५०च्या दशकाअखेरपर्यंत तिथली शाळा ऑक्टोबरात उघडायची. मग शेतावरची माणसं शहरात आली. १९३६मध्ये कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली होतीच, तेव्हापासून उन्हाळा समुद्रकिनाऱ्याचा होत गेला. शाळेची तारीखही हळूहळू मागे सरकत सप्टेंबरच्या आरंभाला येऊन थांबली. आता मोठी सुट्टी जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागते आणि १ सप्टेंबरच्या आसपास संपते.

तीन रंगांचा नकाशा आला तो बर्फामुळे. हिवाळ्याच्या सुट्टीत सगळा देश एकाच शनिवारी आल्प्सकडे निघाला तर रस्ते तुंबतात, हॉटेलं अपुरी पडतात आणि पुढचे आठवडे रिकामी राहतात. म्हणून १९६०-७०च्या दशकांत देशाचे विभाग पाडले आणि फेब्रुवारीची व वसंताची सुट्टी आळीपाळीने द्यायला सुरुवात केली. उन्हाळा, नाताळ आणि शरदातली सुट्टी मात्र सगळ्यांना एकदमच मिळते. २०१५मध्ये विभागांची फेरआखणी झाली आणि तुलूज ‘अ’ विभागातून ‘क’ विभागात गेलं. लियाँ ‘अ’मध्येच राहिलं. हॉटेलवाल्यांच्या सोयीसाठी झालेल्या या वाटणीचा जबलपुरात काय फरक पडणार, असं वाटेल. पण २०२६ची हिवाळी सुट्टी बघा. लियाँच्या मुलांची शाळा २३ फेब्रुवारीला उघडते, तुलूजच्यांची ९ मार्चला, आणि होळी येते मार्चच्या पहिल्या आठवड्यात. एकाच आजीची दोन नातवंडं या दोन गावांत असतील, तर एकाच्याच अंगावर रंग पडतो.

आता कुणीही म्हणेल, दोन महिन्यांची मोठी सुट्टी आहे की, तेव्हाच या. येतात बिचारी. जुलै-ऑगस्टमध्ये भेडाघाटची नौका पावसामुळे बंद. नर्मदेला पूर आला की धुआँधार प्रपात पाण्याखाली जाऊन दिसेनासा होतो. कान्हाच्या जंगलाचा मुख्य भाग १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत बंद. आणि खेळायला जी चुलत-मावस भावंडं हवीत, ती सकाळी सातला रेनकोट घालून शाळेच्या बसमध्ये. गणपती तरी सापडतील म्हणावं, तर ते बहुतेक वर्षी सप्टेंबरात. २०२५मध्ये २७ ऑगस्टला आले, पण परतीच्या विमानाला जेमतेम दोन-तीन दिवस उरलेले. उन्हाळ्यातली जबलपूरवारी म्हणजे आजीच्या हातचं खाणं आणि खिडकीतून पाऊस बघणं. तेही वाईट नाही, पण त्यासाठी हजारो मैलांचं तिकीट काढवत नाही.

नाताळात हवा उत्तम असते, कान्हाही उघडं असतं. पण मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांना अलीकडे ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी एवढीच सुट्टी मिळते. इकडची पोरं मोकळी होतात तोवर तिकडच्यांच्या बॅगा भरायला लागलेल्या असतात.

उरते ती तूसाँ, म्हणजे १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस. ही तारीख नवव्या शतकापासून त्या मुलखात रुळलेली आहे. दुसऱ्या दिवशी मृतांचं स्मरण, कबरींवर शेवंतीची फुलं. आपल्या सर्वपित्रीचीच आठवण व्हावी. धर्माला शाळेच्या दाराबाहेर ठेवणाऱ्या प्रजासत्ताकाने सुट्टीचं नाव मात्र बदललं नाही. २०१२पासून ती पूर्ण दोन आठवड्यांची झाली, आणि परदेशातल्या मराठी आईबापांचं भाग्य तिथे उघडलं, कारण दिवाळी याच सुमारास येते.

येते, पण दरवर्षी नाही. आपलं चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, त्यामुळे दिवाळी दर वर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येते. सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक महिना पडतो आणि ती एकदम एकोणीसेक दिवस पुढे ढकलली जाते. तूसाँची तारीख सूर्याच्या हिशेबात पक्की. त्यामुळे नियम असा निघतो : दिवाळीआधी अधिक महिना आला, की फ्रान्सची सुट्टी हुकलीच. पडताळून बघा. २०१८ला अधिक ज्येष्ठ, दिवाळी ७ नोव्हेंबरला, तिकडची शाळा ५ला सुरू. २०२०ला अधिक आश्विन, हुकली. २०२३ला अधिक श्रावण, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला, शाळा ६पासून. उलट २०१९, २०२१, २०२२, २०२४ आणि २०२५ या साऱ्या वर्षी लक्ष्मीपूजन सुट्टीच्या आत. फ्रान्सच्या शिक्षण मंत्र्यांनी दाते पंचांग उघडून पाहिलं असेल असं वाटत नाही, पण आजीने मात्र पाहिलेलं असतं.

“मग आठवडाभर शाळा बुडवा की,” असा सल्ला देणारे काका प्रत्येक घरात असतात. तिथे ते चालत नाही. २०१९पासून फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासूनच शिक्षण सक्तीचं आहे, आणि योग्य कारणाशिवाय महिन्यात चार अर्धे दिवस गैरहजेरी झाली की शाळा वर कळवते. योग्य कारणांच्या यादीत आजारपणाबरोबर कुटुंबातला मोठा समारंभही आहे. सख्ख्या मावशीचं लग्न त्यात बसेल. आजोबांची साठीशांत बसते का, हे ज्याच्या त्याच्या मुख्याध्यापकावर अवलंबून.

तेव्हा ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत, त्यांनी आधी पंचांगात अधिक महिना शोधावा, मगच विमानाचे दर बघावेत. २०२६ला अधिक ज्येष्ठ आहे : लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि फ्रान्सच्या शाळा २ तारखेलाच सुरू. तो नाद सोडून द्या. २०२७ची दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे, बेत तिचा करा. आणि मुंबईहून पुढे रेल्वेने यायचं असेल तर हे ध्यानात असू द्या, की १ नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण १२० नव्हे, ६० दिवसच आधी उघडतं. म्हणजे त्या दिवाळीची गाडी ऑगस्टच्या शेवटी धरायची.